ठकीची खोली

मराठी भातुकलीत सगळं असतं, फक्त घर नसतं. पाटा-वरवंटा असतो, जातं असतं, बंब, शेगडी, चिमटा, खलबत्ता, ताक घुसळायची रवी, बोटभर उंचीचं तुळशीवृंदावनसुद्धा असतं. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशा चिमुकल्या भांड्याकुंड्यांचा केवढा तरी संग्रह केला, त्याची प्रदर्शनं भरवली. अशा प्रदर्शनात गेलेली बाई कुठल्या तरी वस्तूपाशी थबकून 'अगं, आमच्याकडे अस्साच होता' म्हणणार, हे ठरलेलं. 'आमच्याकडे अश्शीच भिंत होती' असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण भिंत भातुकलीत कधी नव्हतीच. पलंगाखाली एक बिऱ्हाड, टेबलाखाली दुसरं, मधे आईची जुनी साडी आडवी. गच्चीवर खेळायचं असेल तर खडूनं चौकोन आखला की झाला फ्लॅट. पाहुणे वाढले की पायानं रेघ पुसायची आणि हातभर पुढे पुन्हा मारायची. वाढीव बांधकामाचा इतका सुटसुटीत कायदा मी नंतर कुठे पाहिला नाही, आणि माझी हयात त्याच कायद्यांत गेली आहे.

मुलग्यांचं बांधकाम खातं वेगळं, ते दिवाळीत उघडायचं. कंपाउंडच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे रचायचे, त्यावर गोणपाट, त्यावर लाल माती, वर अळीव पेरायचं. मागच्या वर्षीपेक्षा एक बुरूज जास्त, हा ठराव एकमतानं मंजूर. गडावरचे महाराज महादरवाजाच्या दुप्पट, पहारेकरी बुरुजाएवढा आणि गुहेतला वाघ पहारेकऱ्यापेक्षा मोठा. त्याचं कुणाला काही वाटत नसे. आधी माणसं गोळा व्हायची, मग त्यांच्यासाठी जमेल तसा गड उभा राहायचा.

साहेबाच्या मुलखात सगळं याच्या उलट. तिथं आधी घर. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात पेट्रोनेला ऑर्टमन नावाच्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या बायकोचं बाहुलीघर आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं. त्यावर तिनं इतका पैसा ओतला म्हणतात, की तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर आलं असतं. इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर तर एडविन ल्युटेन्सनं केलं. हो, तोच, दिल्लीवाला. १९२१ ते १९२४ या काळात गडी इकडे व्हाइसरॉयचं घर बांधत होता आणि तिकडे एका फुटाला एक इंच या मापानं राजवाडा. त्या राजवाड्यात लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं, विजेचे दिवे लागतात, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन भरलेली. बाग ल्युटेन्सनं खालच्या ड्रॉवरमध्ये घातली. ड्रॉवर ओढला की बाग बाहेर येते. हे वाचल्यापासून मला या गृहस्थाबद्दल आपुलकी वाटू लागली आहे. पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये पाहुण्यांच्या गाद्या ठेवणाऱ्या मुंबईकराला ही युक्ती नवी नाही, पण राजघराण्यावरही ती पाळी यावी, याचा आनंद काही वेगळाच.

मी अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. आधी ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंग पेन, आता ऑटोकॅड. नकाशा तोच, लोकांची गाऱ्हाणीही तीच. राहतो मुलुंडला. सकाळी मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रोनं अंधेरी. २०१४ साली ती मेट्रो सुरू झाली आणि माझं आयुष्य वाढलं नसलं तरी दिवस वाढला. ताई बोरिवलीला, गोराईत. गोराई म्हटलं की लोकांना खाडीपलीकडचा बीच आणि पॅगोडा आठवतो. ही गोराई खाडीच्या अलीकडची, म्हाडाची. पत्ता सांगताना प्लॉट नंबर, आरएससी नंबर आणि सोसायटीचं नाव सांगावं लागतं आणि तरीही रिक्षावाला शेवटी 'मंदिराच्या कुठल्या बाजूला?' असंच विचारतो.

तर या ताईच्या घरी, माझ्या भाचीसाठी, तिच्या परदेशातल्या काकानं एक बाहुलीघर पाठवलं. सुंदर वस्तू. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, पुढची बाजू दारासारखी उघडणारी, सहा मिलिमीटरचं प्लाय, कडा गुळगुळीत. माझ्या व्यवसायाला जागून मी पहिल्यांदा टेप लावली. पाया चोवीस इंच बाय बारा इंच. मजल्याची उंची नऊ इंच. ल्युटेन्सचंच माप, फुटाला इंच. म्हणजे एक चौरस इंच बरोबर एक चौरस फूट. खालचा मजला दोनशे अठ्ठ्याऐंशी, वरचा तेवढाच, एकूण पाचशे शहात्तर चौरस फूट. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. बाहुलीचं एकटीचं पाचशे शहात्तर, तेही कार्पेट. माझ्या मुलुंडच्या घराचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही.

घरात आतून काय, तर फायरप्लेस. छपरावर धुराडं. गोराईत, मे महिन्यात, खाडीवरून येणारा दमट वारा अंगाला चिकटत असताना आम्ही ती विटांची नक्षी काढलेली फायरप्लेस बघत बसलो. देवघर नाही, मोरी नाही, कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तर खिळा नाही. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, घर सगळीकडून वाकून पाहिलं आणि विचारलं, "जिना कुठाय?"

जिना खरंच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाहुल्या वर कशा जातात हा प्रश्न ते घर बनवणाऱ्या कारखान्यात कुणाला पडला नव्हता. काकूंना मात्र तो पहिल्या मिनिटाला पडला. त्याचं कारण त्या राहतात ते घर.

गोराई, चारकोप, मालवणी इथल्या वसाहती जागतिक बँकेच्या पैशातून ऐंशीच्या दशकात झाल्या. सरकारनं रस्ता आखून दिला, पाणी दिलं, गटार दिलं, आणि हातरुमालाएवढा भूखंड. घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. काकूंच्या यजमानांना लॉटरीत नंबर लागला तेव्हा त्यांनी आधी खालची खोली उठवली, वर सिमेंटचे पत्रे. मोठ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रे जाऊन स्लॅब आला. धाकट्याचं ठरलं तेव्हा वरचा मजला आला. जिना आत घ्यावा तर खालची निम्मी खोली जाते, बाहेर घ्यावा तर पावसात भिजत वर जायचं. हा वाद त्या घरात इतका चालला, की त्याची सुरुवात ऐकलेली नातवंडं आता लग्नाची झाली. शेवटी लोखंडी जिना बाहेरून लागला, आणि मग यथावकाश जिन्यावर पत्रा, पत्र्याला जाळी, जाळीला कुंड्या. काकूंनी आयुष्यात अख्खं घर एका वेळी कधी पाहिलंच नाही. त्यांच्या लेखी घर म्हणजे 'सध्या एवढं झालंय'.

आणि हे काही एकट्या गोराईचं नाही. चार्ल्स कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज रचलं तेव्हा दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही, का, तर ज्याला त्याला शेजाऱ्याशी न भांडता घर वाढवता यावं. माणूस घर वाढवणारच, हे गृहीत धरून नकाशा काढणारा आर्किटेक्ट विरळाच. आमच्या ऑफिसात गिऱ्हाईक आलं की आम्ही नकाशा पूर्ण करून देतो आणि ते जाऊन त्यात गॅलरी आत घेतं. एके काळी मुंबईत ती रीतसर प्रीमियम भरून आत घेता यायची. फ्लॉवर बेड हा प्रकार तर त्या काळी आम्ही शेकड्यानं काढला. त्यात फूल कुणी लावलं असेल तर ते अपवादानं. बाकीच्यांनी तिथं खिडकी ढकलून पलंगाला जागा केली. २०१२ साली नियम बदलले, हे सगळं एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकाम क्षेत्रात, मोजलं जाऊ लागलं आणि त्याच्या बदल्यात घरांसाठी पस्तीस टक्के वाढीव क्षेत्र, म्हणजे फंजिबल एफएसआय आला.

मुळात आमची उपनगरं हीच शहराची वाढीव खोली. अंधेरी-घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आलं, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. कागदोपत्री आम्ही अजून विस्तारित उपनगरांतले. माझ्या लहानपणी मुलुंडचा माणूस दादरला निघाला की 'मुंबईला जाऊन येतो' म्हणायचा, आणि मुंबईतला नातेवाईक मुलुंडला यायचा तो पोळीभाजीचा डबा घेऊन.

तर त्या बाहुलीघरालाही शेवटी एक वाढीव खोली जोडावी लागली. का, ते सांगायचं राहिलं. भाचीनं घरात बाहुल्या लावल्या. आई, बाबा, दोन मुलं, घराबरोबर आलेली, गोरी, वाकणारी, खुर्चीवर बसणारी. मग ती आतून ठकी घेऊन आली.

ठकी म्हणजे सावंतवाडीची लाकडी बाहुली. काकूंच्या माहेरची. लाल लुगडं, काळेभोर डोळे, कपाळावर कुंकू, हात अंगाला चिकटलेले. ती वाकत नाही, बसत नाही, आडवी केली तर घरंगळते. तिला उभंच राहता येतं आणि ते ती फार ठामपणे करते. उंची दहा इंच. हिशेबानं दहा फूट.

"ही यांची आजी," भाची म्हणाली. "मामा, आजी कुठे राहणार?"

नऊ इंचाच्या खोलीत दहा इंचाची आजी जाईना. तिरकी घालून पाहिली तर जावयाच्या अंगावर रेलली. भाचीचे बाबा, आमचे भाऊजी, म्हणाले, "हिला गच्चीवर ठेव." भाचीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन वर गेले, लोखंडी जिन्यानं.

आता माप चुकीचं म्हणून आजी बदला, असं कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सांगितलं असतं. या छंदातले लोक मापाला फार कडक. एकास बारा, एकास चोवीस, बार्बी एकास सहा. एका मापाची खुर्ची दुसऱ्या मापाच्या घरात गेली की त्यांना झोप येत नाही. पण महाराज दरवाजाच्या दुप्पट असलेल्या गडावर वाढलेला मी. आजी आहे म्हटल्यावर खोली तिच्या मापाची काढायची, हे मला लगेच पटलं. आठ इंच बाय बारा इंच, छत बारा इंचांवर. शहाण्णव चौरस फूट, डबल हाइट. मूळ घराच्या पाचशे शहात्तरचे पस्तीस टक्के म्हणजे दोनशे एकला जरा जास्त. फंजिबलमध्ये आरामात बसतं, वर शंभरेक फूट शिल्लक. ठकीला जे मिळालं ते अंधेरी-लोखंडवालाच्या ब्रोशरमध्ये चकचकीत कागदावर छापतात.

खोली निघणार म्हटल्यावर जो तो आपापली मागणी घेऊन आला. ताई म्हणाली, "काढतोच आहेस तर मागे ड्राय बाल्कनी काढ." मी म्हटलं, "बाहुल्या कपडे धूत नाहीत." ती म्हणाली, "माझी इच्छा म्हणून काढ." भाऊजी पेपर संपवून खाली आले. त्यांना एक खोली हवी होती, जिला आतून कडी आहे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंना मोरी हवी होती, आणि मोरीला बाहेरच्या बाजूला उतार. भाचीचं म्हणणं एवढंच, की आजीला दारातून गल्ली दिसली पाहिजे. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे गॅसची गाडी थांबली. माझ्या ऑफिसात येणारं गिऱ्हाईक सी-व्ह्यू मागतं. गल्ली-व्ह्यू मागणारं हे पहिलंच.

घाटकोपरला स्टेशनजवळ एका प्लायवूडवाल्याकडून कापून उरलेलं एमडीएफ घेतलं, तीन मिलिमीटरचं भिंतींना आणि सहाचं पायाला. तो तुकडा घेऊन लोकलनं बोरिवलीला जायचं म्हणजे लगेजच्या डब्याला पर्याय नाही. डब्यात मासळीच्या टोपल्या, डब्यांचे हारे आणि मधे मी, काखेत ठकीची पूर्वेकडची भिंत. एका मावशींनी विचारलं, काय देव्हारा का? मी म्हटलं, आजीची खोली आहे. त्यांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपली जरा आत ओढून घेतली.

फेविकॉल, पॉलिश पेपर, गुण्या, हँड ड्रिल, हॅक्सॉचं पातं असं सामान जमवलं. फेविकॉल १९५९ सालचा आणि बार्बीही १९५९ सालची, हा योगायोग मला फार आवडतो. बार्बी अमेरिकेत जन्मली आणि तिचं मोडलेलं सामान चिकटवायची सोय त्याच वर्षी आपल्याकडे झाली. त्या कंपनीचं ऑफिस आमच्या अंधेरीतच आहे. थर्माकोल मात्र नाही. आमच्या पिढीच्या मराठी पुरुषांचं सगळं हस्तकौशल्य गणपतीच्या मखरात घडलं, तापलेल्या तारेनं थर्माकोलच्या महिरपी कापत. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि एक अख्खी कला पुठ्ठ्यावर आली. ते बरंच झालं म्हणा. थर्माकोलचे ते पांढरे दाणे दसऱ्यापर्यंत पोह्यांत सापडायचे.

खोली करणं अवघड नाही. चार फळ्या काटकोनात उभ्या राहिल्या की खोली झाली. खरं काम जोडणीचं. नवं बांधकाम जुन्याला जोडताना तीन गोष्टी छळतात, मग ते रुग्णालय असो की ठकीची खोली: जमिनीची पातळी, भिंतीतलं दार आणि मधली फट.

दारापासून सुरुवात केली. मूळ घराच्या उजव्या भिंतीत दार पाडायचं होतं. पेन्सिलीनं चौकट आखली. चारी कोपऱ्यांना ड्रिलनं भोकं पाडली, म्हणजे पातं आत शिरतं आणि वळताना प्लाय फाटत नाही. मी पातं लावणार इतक्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. भिंत फोडण्याचा आवाज त्या घरात कुणालाही लांबून ओळखू येतो.

"अहो मामा, बीम बघितला का?"

"काकू, याला बीम नाही. नुसतं प्लाय आहे."

"मग वरचा मजला कशावर उभाय?"

प्रश्न बिनतोड होता. वरचा मजला त्याच भिंतीच्या आतल्या खाचेत बसवलेला होता. दार त्या खाचेपर्यंत नेलं असतं तर वरच्या बेडरूमची जमीन सैल झाली असती. मी दार सात इंचांवर थांबवलं आणि वर दोन इंच भिंत राखली. काकूंनी मान हलवली. त्यांच्या गल्लीत एकानं दोन खोल्यांमधली भिंत काढली होती आणि मग बरीच वर्षं तिथं लोखंडी पाइपाचा टेकू होता, हे त्यांनी मला पातं चालवून होईपर्यंत सांगितलं. टेकूवर पुढे त्यांनी कॅलेंडर लावलं होतं म्हणे.

सात इंचांच्या दारातून दहा इंचांची ठकी जाणार नाही, हे भाचीच्या लक्षात आलं. पण त्याचं तिला दुःख नव्हतं. आजीकडे बाकीच्यांनी यायचं, आजीनं कुठे जायचं नाही, असा तिचा एकूण नियोजन आराखडा होता. ठकीला आत ठेवायला छत दोन छोट्या बिजागऱ्यांवर उघडतं केलं. काकूंना ते पसंत पडलं नाही. "माणसाला छपरातून काय काढायचं," म्हणाल्या.

मग पातळी. बाहुलीघर सपाट तळाचं, जमिनीला टेकलेलं. काकू म्हणाल्या, "ओटा नाही?" ओटा का हवा, हे त्यांना कुणी विचारायची गरज नव्हती. गोराईत रस्ते काँक्रीटचे झाले आणि दर वेळी थोडे वर आले. घरं होती तिथंच राहिली. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचं, आता काही घरांत एक पायरी उतरून जावं लागतं. त्यातून २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळं पाणी कुठे ना कुठे जाणारच, आणि ते काकूंच्या खालच्या खोलीतही गुडघाभर आलं. गव्हाचा डबा, नवा मिक्सर, लग्नाचा अल्बम, सगळं त्यांनी त्या लोखंडी जिन्यावर पायरी-पायरीनं रचलं होतं. अल्बमला तिसरी पायरी मिळाली, मिक्सरला सहावी. त्या क्रमाबद्दल ताईच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

गुडघाभर म्हणजे दीड फूट. आमच्या मापात दीड इंच. मग ठकीच्या खोलीला दीड इंचाचा ओटा आला, आणि तिची जमीन मूळ घराच्या जमिनीशी जुळली पाहिजे म्हणून मूळ घरही दीड इंच जाड फळीवर चढलं. आजीसाठी खोली काढता काढता अख्खं कुटुंब पुरापासून वाचलं. घराच्या पुढच्या दाराला आता पायरी लागणार हे उघडच होतं. ती काकूंनी स्वतः केली, काडेपेटीची, वरून रांगोळीच्या रंगात फेविकॉल कालवून लाल ओढली. कोब्याची दिसते.

राहिली फट. नवं आणि जुनं बांधकाम कधीही घट्ट चिकटवू नये. दोन्ही आपापल्या गतीनं खचतात, फुगतात, आणि मग जोडावर तडा जातो. म्हणून मोठ्या इमारतींत मधे एक्स्पान्शन जॉइंट सोडतात. इथे खचण्याचा प्रश्न नव्हता पण फुगण्याचा होता. एमडीएफ हा पदार्थ पावसाळ्यात मुंबईच्या हवेला ओळख देतो. जूनमध्ये सरळ असलेली कड ऑगस्टमध्ये पोट काढते. मी दोन्ही भिंतींच्या मधे पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली आणि वर कापडी पट्टी लावली. काकूंनी फटीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "पाणी मुरलं तर कुणाच्या खर्चानं?" सोसायटीच्या प्रत्येक सभेत हा प्रश्न मी ऐकला आहे आणि उत्तर अजून कुठल्याच इतिवृत्तात आलेलं नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर खोली लावायला गेलो तेव्हा खरी अडचण समोर आली. बाहुलीघर ठेवलं होतं खालच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, बुटक्या स्टुलावर. त्याच्या उजवीकडची मोकळी जागा म्हणजे रात्री काकूंची घडीची खाट उघडते ती जागा. वर अख्खा मजला असताना काकू खाली झोपतात, कारण गुडघे. तो बाहेरचा लोखंडी जिना आता त्यांना चढवत नाही. आठ इंच खोली पुढे आली की खाटेचा पाय तिला अडतो. लाकडी आजीला जागा द्यावी तर हाडामासाच्या आजीची खाट उघडत नाही. भाची दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

काकूंनी निकाल दिला. "माझी खाट आधी. ठकी काय, उभीच असते."

तरी त्याच पुढे म्हणाल्या, "काढ-घाल करता येईल असं बघा ना काही."

म्हणून चिकटवणं रद्द. दोन फळ्यांना आडवे दोन बोल्ट, हातानं फिरवायचे नट. सकाळी खाट मिटली की खोली लागते, नट पिळले की पक्की. रात्री नट सैल करायचे, खोली उचलून फ्रिजवर ठेवायची, ठकीसकट. मूळ घराच्या उजव्या भिंतीत तेवढ्यापुरतं उघडं भोक राहतं, सात इंच उंच, म्हणजे गोऱ्या बाहुल्यांच्या हॉलमधून थेट काकूंची खाट दिसते. भाऊजींनी त्यावर एक पडदा लावायची सूचना केली. पडदा काकूंनी शिवला, साडीच्या फॉलचा.

ठकीची खोली अशी दिवसपाळीची झाली. ही पद्धत मुंबईला नवी नाही. गिरणगावातल्या खोल्यांत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीनं झोपायची. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. उपनगरांत आजही जेवणाचं टेबल सकाळी इस्त्रीचं असतं, दुपारी गृहपाठाचं आणि रात्री ताटांचं. इथे एवढंच, की जागा नाही तर खोलीच पाळीवर जाते.

ताईची ड्राय बाल्कनी मी काढली नाही, पण मागच्या भिंतीला दोन चुका ठोकून दोरी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी त्यावर बाहुल्यांचे कपडे नव्हते, ताईचे मास्क आणि भाचीचे मोजे होते. भाऊजींची कडीवाली खोली फंजिबलच्या शिल्लक शंभर फुटांत बसवता येईल, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. ते अधूनमधून फोन करून 'त्या कामाचं काय झालं' असं विचारतात, कुठलं काम ते न सांगता, बहुधा ताई शेजारी असते.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ठकी दिवसभर उघड्या बाजूनं गल्लीकडे बघत उभी असते, त्यामुळे गल्लीलाही ती दिसते. त्या गल्लीत प्रत्येक घर शेजारच्यापेक्षा थोडं पुढे आलेलं आहे. एकानं ओटा पुढे घेतला की दुसऱ्याची शेड पुढे येते, तिसऱ्याची ग्रिल. शेवटच्या घराची ग्रिल जवळजवळ रिक्षातल्या माणसाशी बोलू शकते. परवा मी गेलो तेव्हा समोरच्या वहिनी आल्या, ठकीची खोली चारी बाजूंनी पाहिली, छत उघडून बंद करून पाहिलं, बोल्ट फिरवून पाहिले.

"मामा, आमच्या पोरीकडे पण आहे बाहुलीघर, प्लॅस्टिकचं. त्याला एक काढून द्या की अशी खोली," त्या म्हणाल्या. "फक्त यांच्यापेक्षा एक इंच पुढे घ्या."

काकू दारात मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घ्या की," म्हणाल्या. "पण गटारावर यायचं नाही."